गिरडच्या पंचक्रोशींतील रुग्णसेवा आणि रुग्णाचा शब्द

महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची चाल आपल्या ख्रिस्तसभेंत जुनी व स्तुत्य आहे. देवालयाची कोनशिला कोणी बसविली, घंटा कोठून आली, कोणत्या फादरांनीं किती वर्षें सेवा केली, दवाखाना कोणत्या धर्मभगिनींनीं चालविला, हें सर्व अशा स्मरणिकांत आदरपूर्वक लिहून ठेविलें जातें; आणि तें योग्यच आहे. परंतु सेवेला दोन टोंकें असतात. एका टोंकास देणारा असतो व दुसऱ्या टोंकास घेणारा. देणाऱ्याचा इतिहास आपण लिहितों. घेणाऱ्याला ती सेवा कशी वाटली, त्याच्याशीं कोण कसें बोललें, त्याला किती वेळ ताटकळावें लागलें, बरा होऊन घरीं गेल्यावर तो शेजाऱ्याला काय सांगे, हें मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं.

आजाऱ्याचा समाचार घेणें हें सात शारीरिक दयाकृत्यांपैकीं एक आहे, असें आपण लहानपणीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकलों. समाचार घेणें म्हणजे केवळ भेट देणें नव्हे. विचारपूस करणें, आणि विचारल्यावर उत्तर ऐकून घेणें. म्हणून रुग्णसेवेचा इतिहास एकदां खाटेवर निजलेल्या माणसाच्या बाजूनें पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं वर्धा जिल्ह्यांतील गिरड हें गांव व त्याभोवतालचा प्रदेश दृष्टीसमोर ठेविला आहे. टेकडीवरील नवस, खळ्यावरील बलुतें, सरकारी दवाखाना आणि धान्य घेऊन उपचार करणारें रुग्णालय, अशा सेवेच्या चारहि तऱ्हा या एका जिल्ह्यांत पाहावयास मिळतात.

टेकडीवरील नवस

गिरड हें गांव वर्धा जिल्ह्याच्या पूर्व भागांत आहे. पूर्वीं तें हिंगणघाट तहशिलींत मोडत असे. आज तें समुद्रपूर तालुक्यांत आहे. जिल्हा स्वतः १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यांत आला. गिरडची ख्याति मात्र जिल्ह्याहून कितीतरी जुनी. गांवालगतच्या टेकडीवर बाबा शेख फरीद यांचा दर्गा असून तेथें मुसलमान व हिंदु असे दोन्ही समाजांचे लोक शतकानुशतकें जात आले आहेत. शेख फरीद हे तेराव्या शतकांतील थोर सूफी साधु. त्यांची समाधि पंजाबांत पाकपट्टण येथें आहे. परंतु त्यांनीं फकिरी वेषांत फिरत असतां या टेकडीवर वास्तव्य केलें, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे.

टेकडीवर गोल, सुपारीसारखे दगड विखुरलेले सांपडतात. त्यांविषयींची आख्यायिका मध्यप्रांताच्या जुन्या सरकारी गॅझेटियरांत नमूद आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनीं साधूची थट्टा केली. साधूनें त्यांचा सर्व माल दगड करून टाकिला. व्यापाऱ्यांनीं क्षमा मागितली, तेव्हां त्यानें वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. आणि ते दोघे व्यापारी जन्मभर त्याच्या सेवेंत राहिले. भूस्तरशास्त्र या दगडांचा उलगडा निराळा करितें. लाव्हा थंड होतांना त्यांत पोकळ्या राहतात, त्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्यांतील खनिजें सांचतात, आणि झिओलाइट नांवाचे गोळे तयार होतात. तरी आख्यायिकेंतील एक गोष्ट ध्यानीं ठेवण्याजोगी आहे. ज्याच्या हातीं सामर्थ्य होतें त्यानें शेवटीं दुर्बलाचें गाऱ्हाणें ऐकिलें, आणि त्या ऐकण्यामुळेंच तीं माणसें त्याचीं झालीं.

डॉक्टर व औषध दूर होतीं त्या काळीं आजारी माणूस प्रथम अशाच स्थळीं जाई. नवसाची एक रीत आहे. बरें वाटलें तर फेडीन, असें माणूस बोलतो. म्हणजे बरें वाटलें कीं नाहीं याचा निवाडा रोगीच करितो. आपल्या लोकांना ही रीत अनोळखी नाहीं. वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेंत मेणाचे हात, पाय व डोळे अर्पण करणारे भाविक दर सप्टेंबरांत दिसतात. प्रत्येक मेणाचा अवयव म्हणजे कोणाच्या तरी दुखण्याची साक्षच होय. नवसानें रोग बरा होतो असें येथें म्हणावयाचें नाहीं. परंतु ज्याला घरांत व गांवांत कोणी विचारीत नाहीं, त्याचें दुखणें तेथें निदान बोलून दाखविलें जातें, हें खरें.

खळ्यावरील बलुतें

गांवांत शरीराची सेवा करणारीं माणसें ठराविक होतीं. न्हावी केवळ हजामत करीत नसे. तो नखें काढी, अंग रगडी, गळवें फोडी, तुंबडी लावून रक्त काढी. बाळंतपण सुईण करी. झाडपाल्याचें औषध वैदू किंवा गांवांतील एखादा जाणता माणूस देई. यांपैकीं न्हावी हा बलुतेदार. त्याला दर वेळीं पैसा मिळत नसे; ज्वारीचें पीक निघालें कीं तो खळ्यावर जाई व वर्षाच्या सेवेबद्दल आपला वांटा घेई. सुईणीलाहि धान्य, लुगडें किंवा खण मिळे.

या पद्धतींत गिऱ्हाइकाला एक हक्क होता, तो आज आपण विसरलों आहों. धान्य देणारा शेतकरी खळ्यावर बसून आपल्या न्हाव्याला सुनावूं शके कीं, अमक्या सणाला तूं आला नाहींस, पोराच्या जावळाला उशीर केलास. न्हावीहि उलट बोलूं शके कीं, गेल्या सालचें माप तुम्हीं कमी दिलेंत. हिशेब दोहों बाजूंनीं होई, आणि गांवच्या देखत होई. सेवा बरी कीं वाईट, हें बोलण्यास मुभा होती. कारण घेणारा फुकट घेत नव्हता व देणारा उपकार करीत नव्हता.

परंतु ही मुभा सर्वांना नव्हती, हें लपवून चालणार नाहीं. अस्पृश्य म्हणून ज्यांना गांवकुसाबाहेर ठेविलें होतें त्यांची हजामत गांवचा न्हावी करीत नसे. ज्या स्त्रीच्या हातून गांवांतील मुलें जन्मास येत, तिचाच पुष्कळदां नंतर विटाळ मानला जाई. आणि विधवा स्त्रीला तर नको असलेली सेवा बळजबरीनें घ्यावी लागे. तिचें केशवपन करितांना तिची इच्छा कोण विचारणार? या बाबतींत मुंबईच्या न्हाव्यांनीं जें केलें तें चिरस्मरणीय आहे. १८९० सालीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें त्यांनीं सभा भरविली, आणि यापुढें विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवावयाचा नाहीं असा निश्चय जाहीर केला. सेवकानें सेविताचें न बोललेलें दुःख ऐकिलें, त्याचें हें उत्तम उदाहरण होय.

फुकट औषध आणि मुकें तोंड

इंग्रजी अमलांत सरकारी दवाखाने निघाले. देवी टोंचणारे गांवोगांव फिरूं लागले. आपल्या नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ सालीं झाली व संत फ्रान्सिस द साल यांच्या नांवाचे मिशनरी या मुलुखांत धर्मकार्य करीत होते. १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्यप्रांतावर लागोपाठ आले. त्यांत सरकार, मिशनें व दानशूर लोक यांनीं अन्नाची व औषधाची मदत केली. या मदतीनें पुष्कळ जीव वांचले, याबद्दल कृतज्ञता बाळगणें हें आपलें कर्तव्यच आहे.

तथापि औषध फुकट झालें त्याबरोबर एक गोष्ट नाहींशी झाली. खळ्यावर बोलणारा माणूस दवाखान्याच्या पायरीवर मुका झाला. फुकटाच्या औषधाला नांव कोण ठेवणार? औषध देणारा साहेब, आपण अडाणी. पुढच्या वेळीं पुन्हां त्याच्याच दारांत उभें राहावयाचें. गाऱ्हाणें केलें तर कृतघ्नपणा ठरतो, ही भीति सर्वांत मोठी.

ही भीति किती खोल असते हें पुण्याच्या प्लेगांत दिसून आलें. १८९७ सालीं त्या शहरांत गोऱ्या सोल्जरांकडून घरझडती होऊन रोग्यांना व संशयितांना छावण्यांत नेण्यांत येई. पंडिता रमाबाईंनीं आपल्या आश्रमांतील एका मुलीच्या संबंधानें प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची कशी आबाळ होते हें मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रांत लिहिलें. मुंबईच्या गव्हर्नरांनीं तें खोटें ठरविलें. त्याच वर्षीं नामदार गोखले विलायतेंत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारें त्यांनीं सोल्जरांच्या वर्तनाविषयीं गाऱ्हाणें मांडिलें. परंतु परत आल्यावर पुराव्यास कोणी पुढें येईना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. सोसणारे गप्प बसले, म्हणून बोलणारा खोटा पडला. त्याच साथींत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करितांना स्वतः प्लेगनें १० मार्च १८९७ रोजीं निधन पावल्या. एकाच शहरांत, एकाच वर्षांत, रोग्याला हुकमानें उचलून नेणारी व्यवस्था आणि रोग्यासाठीं आपला जीव वेंचणारी माउली, अशीं सेवेचीं दोन रूपें लोकांनीं पाहिलीं.

पुढें १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ आली. मध्यप्रांत व वऱ्हाड हे देशांत सर्वाधिक मृत्यु झालेल्या भागांपैकीं होते. दवाखाने थोडे, डॉक्टर त्याहून थोडे. गिरडसारख्या, आगगाडीच्या रस्त्यापासून दूर असलेल्या खेड्यांत रोग्याजवळ शेजाऱ्यावांचून दुसरें कोण असणार? त्या रोग्यांचा शब्द कोठें लिहिलेला नाहीं.

जे संत आधीं रोगी होते

येथें आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे वळणें उचित होईल. कारण रोग्याच्या अनुभवापासून सेवा कशी जन्मास येते, याचे दाखले तेथें भरपूर आहेत. तेराव्या लिओ पोप महाराजांनीं १८८६ सालीं ज्या दोन संतांना रोग्यांचे व इस्पितळांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें, ते दोघेहि प्रथम रोगी होते.

संत जॉन ऑफ गॉड यांना स्पेन देशांतील ग्रानाडा शहरीं वेडे समजून राजाच्या इस्पितळांत कोंडिलें होतें. वेडावरील तेव्हांचा उपाय म्हणजे चाबकाचे फटके. ते त्यांनीं खाल्ले, इतर वेड्यांचे हाल डोळ्यांनीं पाहिले, आणि सुटल्यावर रोग्यांना माणसासारखें वागविणारें इस्पितळ आपण काढावें असा निश्चय करून तो तडीस नेला. संत कॅमिलस हे पायाच्या न भरणाऱ्या जखमेमुळें रोम येथील इस्पितळांत वारंवार राहिले. पगारी नोकर रोग्यांकडे कसें दुर्लक्ष करितात हें त्यांना खाटेवरूनच कळलें. आणि १५८२ सालीं त्यांनीं, पैशासाठीं नव्हे तर प्रेमानें शुश्रूषा करणाऱ्या बांधवांचा संघ उभारण्याचा संकल्प केला. त्या दोघांनीं आपला कटु अनुभव गिळून टाकिला असता, तर ख्रिस्तसभा दोन मोठ्या सेवासंघांना मुकली असती.

यांच्याहि आधीं, बाराव्या शतकांत, यरुशलेम येथील संत योहानाच्या इस्पितळांतील बंधु रोग्याला धनी म्हणत आणि स्वतः जेवण्यापूर्वीं त्याला जेवूं घालीत. संत व्हिन्सेंट द पॉल आपल्या भगिनींना हेंच शिकवीत कीं, गरीब हे आपले मालक आहेत. मालकाला नोकराविषयीं बोलण्याचा अधिकार असतो, हें वेगळें सांगावयास नको.

या देशांतील स्त्रियांच्या मौनानें तर ख्रिस्तसभेचा नियमहि बदलविला. पुरुष डॉक्टरास अंग दाखविण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे असंख्य होत्या. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस निघाल्या त्या याच कारणासाठीं. हिंदुस्थानांतील बायकांना स्त्री-डॉक्टर पाहिजे, असें त्यांनीं जातांना सांगितलें व १८८६ सालीं त्या एम्. डी. झाल्या. कॅथोलिक पंथांत हीच गोष्ट डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉच बाईंनीं ओळखिली. रावळपिंडी येथें स्त्रियांसाठीं इस्पितळ काढतांना त्यांच्या ध्यानीं आलें कीं, धर्मभगिनींनीं डॉक्टर होऊं नये व बाळंतपणें करूं नयेत असा निर्बंध आहे तोंवर या स्त्रियांना कोणी वांचविणार नाहीं. त्यांनीं रोमकडे पुनः पुन्हां विनंति केली. त्यांच्या मागून डॉ. ॲना डेंगेल रावळपिंडीस आल्या व त्यांनीं १९२५ सालीं वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापिला. अखेर १९३६ सालीं रोमनें तो निर्बंध उठविला. त्या अज्ञात स्त्रियांनीं अर्ज लिहिला नव्हता. त्या दवाखान्यांत आल्या नाहींत, हेंच त्यांचें गाऱ्हाणें होतें, आणि ऐकणाऱ्याला तें ऐकूं आलें. आज आपल्या इस्पितळांत ज्या डॉक्टर भगिनी दिसतात त्यांच्या मागें हा इतिहास आहे.

वर्ध्याची वाट

ज्या १९३६ सालीं रोममध्यें हा निर्णय झाला, त्याच सालीं वर्धा जिल्ह्यांत दोन मोठ्या गोष्टी घडल्या. महात्मा गांधी वर्ध्याजवळील शेगांव या खेड्यांत राहावयास आले; त्या खेड्याचें नांव पुढें सेवाग्राम झालें. आणि वर्ध्याजवळच दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं महारोग्यांसाठीं कुष्ठधाम काढिलें. पुढें परचुरे शास्त्री हे संस्कृतज्ञ पंडित महारोगानें पीडित होऊन सेवाग्रामास आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांना आश्रमांत झोंपडी देऊन स्वतःच्या हातानें त्यांच्या अंगास मालिश केलें. ज्याच्या सावलीस लोक भीत, त्याच्याजवळ बसून त्याचें शास्त्र व त्याचें दुखणें दोन्ही ऐकून घेतलीं, हें त्या सेवेचें वैशिष्ट्य.

१९४५ सालीं सेवाग्राम येथें स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं १५ खाटांचें कस्तुरबा रुग्णालय सुरू झालें. डॉ. सुशीला नायर यांच्या परिश्रमानें त्याच ठिकाणीं, गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ सालीं, वैद्यकीय महाविद्यालय निघालें. येथपर्यंतचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. त्यानंतरची जी गोष्ट सांगावयाची आहे ती तितकी प्रसिद्ध नाहीं. पण आमच्या मतें या लेखाचें मर्म तींतच आहे.

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. उल्हास जाजू व त्यांचे सहकारी सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत काम करूं लागले, आणि ज्वारी योजना या नांवानें ओळखली जाणारी व्यवस्था उभी राहिली. सुगीच्या वेळीं प्रत्येक घरानें आपल्या ऐपतीप्रमाणें ज्वारी द्यावयाची. ज्याची शेती अधिक त्यानें अधिक, भूमिहीन मजुरानें थोडी. या वर्गणीच्या बदल्यांत गांवांत आरोग्यसेवक व साधीं औषधें मिळावयाचीं, आणि अकस्मात् मोठें दुखणें आल्यास रुग्णालयांत उपचार फुकट व्हावयाचे. नेहमींचें बाळंतपण, मोतीबिंदु, अंतर्गळ अशा, आधीं ठाऊक असणाऱ्या गोष्टींसाठीं खर्चाचा कांहीं भाग रोग्यानें द्यावयाचा.

योजनेची एक अट फार शहाणपणाची होती. गांवांतील निदान शेंकडा ७५ गरीब घरें सामील झाल्यावांचून त्या गांवास योजना लागू होत नसे. दुखणेकऱ्यांनीं तेवढी वर्गणी द्यावी व धडधाकटांनीं दूर राहावें, असें झालें तर कोणतीहि सामायिक शिदोरी टिकत नाहीं. शिवाय गांवांतील सधन लोकांनींच लाभ घ्यावा व गरीब मागें राहावे, हेंहि त्या अटीनें टळलें.

ज्वारीच्या पोत्यांतून रुग्णालयाचा खर्च भागत होता काय? नाहीं. खर्चाचा फार लहान भाग त्यांतून निघे. उरलेला भार सरकारच्या अनुदानावर होता. मग तें धान्य कशासाठीं? धान्य दिल्यानें माणसाला तोंड फुटे, यासाठीं. ग्रामसभेंत डॉक्टर समोर बसत, आणि ज्यानें पायलीभर ज्वारी दिली आहे तो मजूरहि त्यांना विचारूं शके कीं, माझ्या बायकोला खाट मिळण्यास उशीर कां झाला, अमुक औषध बाहेरून कां आणावें लागलें. म्हणजे जुन्या खळ्यावरचा हक्क परत आला. पण या वेळीं जातीची आडकाठी मागें टाकून आला. पुढें शेतांत ज्वारीचा पेरा घटला, कपाशी व सोयाबीन वाढलें, तशी धान्याची जागा रोख रकमेनें घेतली. तत्त्व मात्र बदललें नाहीं.

कायदा व जनसुनावणी

गिरडसारख्या गांवांसाठीं दुसरी वाट प्राथमिक आरोग्य केंद्राची. भोर समितीनें १९४६ सालीं तिची शिफारस केली, आणि १९५२ पासून देशांत अशीं केंद्रें निघूं लागलीं. गिरड येथेंहि असें केंद्र आहे. भोंवतालच्या खेड्यांतील गरोदर बाई, सर्पदंश झालेला शेतमजूर, तापानें फणफणलेलें मूल यांना पहिला आधार अशा केंद्राचाच. तेथील डॉक्टर व परिचारिका थोड्या साधनांत पुष्कळ काम करितात, हें प्रांजळपणें म्हटलें पाहिजे.

परंतु फुकट सेवा घेणाऱ्याचा हक्क कोणता, हा जुना प्रश्न येथेंहि उभा राहतो. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला. वैद्यकीय सेवा त्यांत येते कीं नाहीं, यावर देशभर वाद झाला. आणि सर्वोच्च न्यायालयानें १३ नोव्हेंबर १९९५ रोजीं निर्णय दिला कीं, पैसे घेऊन केलेला उपचार ही सेवा होय व रोगी हा ग्राहक होय. ज्या इस्पितळांत कांहीं रोगी पैसे देतात व कांहींना फुकट उपचार मिळतात, तेथील गरीब रोग्यांनाहि हा हक्क आहे असें न्यायालयानें सांगितलें. परंतु जेथें सर्वांनाच सेवा फुकट मिळते, तेथील रोगी या कायद्यापुरता ग्राहक नव्हे. त्याला दुसऱ्या कायद्यांचीं दारें उघडीं आहेत. हें दार मात्र नाहीं. म्हणजे जो सर्वांत गरीब, त्याचाच शब्द या तराजूंत घातला जात नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रांत २००७ पासून झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखालीं लोकाधारित देखरेख नांवाचें काम प्रथम पांच जिल्ह्यांत सुरू झालें: पुणें, ठाणें, नंदुरबार, उस्मानाबाद आणि आपल्या शेजारचा अमरावती. गांवकऱ्यांना विचारून आरोग्य केंद्राचें प्रगतिपुस्तक भरावयाचें. सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, बेताची असेल तर पिवळा, वाईट असेल तर तांबडा. मग जनसुनावणीस अधिकारी समोर बसत आणि ज्या बाईला औषध मिळालें नाहीं ती स्वतः उभी राहून सांगे. शाळेंत मुलाला गुण मिळतात तसे दवाखान्यालाहि मिळूं शकतात, ही कल्पनाच खेड्यांतील पुष्कळांना नवीन होती. पुण्याच्या प्लेगांत जें गाऱ्हाणें पुराव्याअभावीं बुडालें, त्याला शंभरावर वर्षांनीं बोलण्यास व्यासपीठ मिळालें, असें म्हणतां येईल.

बोलणाऱ्याचीहि जबाबदारी असते, हें येथें सांगितलें पाहिजे. रोगी दगावला कीं डॉक्टरांवर हात टाकण्याचे प्रकार इतके वाढले कीं, महाराष्ट्र सरकारला २०१० सालीं त्याविरुद्ध कायदा करावा लागला. संत बेनेडिक्ट यांनीं सहाव्या शतकांत आपल्या मठांसाठीं जे नियम केले त्यांत या दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. रोग्याची सेवा ख्रिस्ताची समजून करावी, असें ते बांधवांना बजावितात. आणि सेवा करणाऱ्या बांधवांना अवास्तव मागण्यांनीं कष्टी करूं नये, असें रोग्यालाहि बजावितात. पंधराशें वर्षांनंतरहि यापेक्षां समतोल बोल सांपडणें कठीण.

आपल्या धर्मग्रामाचें काम

या सर्व इतिहासांतून आपल्यासाठीं काय निघतें? मिशनच्या दवाखान्यांनीं या मुलुखांत जी सेवा केली ती अमोल आहे. पण त्या सेवेंतहि देणारा वर व घेणारा खालीं, अशी पायरी नकळत पडूं शकते. भगिनींनीं इतकें केलें, आतां कसें बोलावें, या संकोचानें गरीब माणूस आपलें खरें दुःख गिळतो. तो संकोच दूर करणें हें देणाऱ्याचेंच काम. घेणाऱ्याच्या हातीं तें नाहीं.

महोत्सवाच्या वर्षीं आपण तीन साध्या गोष्टी करूं शकतों. पहिली, धर्मग्रामांतील वृद्ध माणसांच्या तोंडून त्यांच्या आजारपणाच्या, बाळंतपणाच्या, साथींच्या आठवणी लिहून घ्याव्या. कोणत्या सुईणीनें, कोणत्या कंपाउंडरनें, कोणत्या सिस्टरबाईनें धीर दिला, आणि कोठें दार बंद मिळालें, हेंहि त्यांत यावें. आपल्या जुन्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, लग्न व मरण यांच्या तारखा आहेत; मधल्या दुखण्यांची नोंद नाहीं. दुसरी, जो एकटा, अडाणी किंवा बाहेरगांवचा रोगी वर्धा, सेवाग्राम अथवा नागपूर येथें जातो, त्याच्यासोबत जाण्यास धर्मग्रामांतील एक-दोन जाणत्या माणसांनीं तयार असावें. चिठ्ठी वाचून दाखविणें, योग्य खिडकीपाशीं उभें करणें, डॉक्टर काय म्हणाले तें सोप्या भाषेंत सांगणें, यांस पैसा लागत नाहीं. आणि तिसरी, प्रभुभोजन घेऊन आजाऱ्याच्या घरीं जाणाऱ्यांनीं प्रार्थना झाल्यावर लगेच उठूं नये. तुमची नीट व्यवस्था होते ना, एवढें विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत बसावें.

आपल्या प्रभूनें यरीहोच्या वाटेवर हांक मारणाऱ्या आंधळ्याला जवळ बोलावून आधीं विचारिलें कीं, मी तुझ्यासाठीं काय करावें अशी तुझी इच्छा आहे. त्याला काय पाहिजे हें प्रभूला ठाऊक नव्हतें असें नाहीं. भोंवतीचे लोक त्या आंधळ्याला गप्प बसवीत होते. प्रभूनें त्याला बोलतें केलें, मग बरें केलें. गिरडच्या टेकडीपासून सेवाग्रामच्या रुग्णालयापर्यंत जी वाट या लेखांत पाहिली, तिच्यावर पुढें चालतांना आपल्या धर्मग्रामानें हाच क्रम पाळावा, आणि पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेंत देणाऱ्यांच्या नांवांबरोबर घेणाऱ्यांचे शब्दहि छापले जावेत, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.